पोट भरलं की झोपणारी गाडी

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे रिलीजच्या बरोब्बर अर्धा तास आधी, अण्णांचा फोन. "गाडी विकतोय. गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी सहीला ये." एवढंच. आमचे अण्णा फोनवरसुद्धा तार केल्यासारखे बोलतात. जादा शब्दाला जादा पैसे!

गाडी म्हणजे माझी हॅचबॅक. २०१४ साली पहिला बोनस आणि बँकेची कृपा यांच्या जोरावर घेतलेली. पेट्रोल, एमएच-१२. पुढे मी कंपनीच्या बसला लागले आणि गाडी पाथर्डीला जाऊन अण्णांची झाली. आरसीवर नाव मात्र अजून माझंच, त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० वर सही माझीच लागणार.

आता तुम्ही म्हणाल, एवढी जुनी गाडी, विकली तर विकली! पण आईला दर महिन्याला नगरला न्यावं लागतं. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच.) डायबेटिसमुळे तिच्या डोळ्यात इंजेक्शन देतात. त्यानंतर दिवसभर तिला धूसर दिसतं. अशा अवस्थेत तिला स्टँडवरच्या गर्दीतून एसटीत चढवायचं म्हणजे... जाऊ दे. शिवाय अण्णा एकोणसत्तर वर्षांचे. ही गाडी गेली की ते पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाहीत, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं होतं.

शनिवारी पहाटेच निघाले. मढीची यात्रा सुरू होती, त्यामुळे तिसगावच्या अलीकडूनच रस्ता भरलेला. कानिफनाथांच्या या यात्रेतला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथं येणारा माणूस जनावर आधी चालवून बघतो, त्याची खोड काय ते विचारतो आणि मगच पैशाचं बोलतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आमच्या गाडीच्या बाबतीत एवढंही कुणी केलं नव्हतं.

शहरातल्या एका बड्या सर्व्हिस सेंटरनं आधी प्लग बदलले. मग इंजेक्टर साफ केले. गाडी तशीच. तिसऱ्या खेपेला फ्युएल पंप आणि बरंच काही मिळून १८,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं, वर "काका, गाडी जुनी झालीय" हा फुकटचा सल्ला. अण्णांनी एस्टिमेटची घडी घातली, खिशात ठेवली आणि गिऱ्हाईक शोधलं.

"पण अण्णा, होतं काय नेमकं?"

"पोट भरलं की झोपते."

"म्हणजे?"

"टाकी फुल केली की स्टार्ट होत नाही. सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही. चार-पाचदा मारला की थरथरत उठते, पेट्रोलचा भपकारा येतो आणि पाच मिनिटांत काही झालंच नाही अशी चालायला लागते. तीनशे-पाचशेचं टाकलं तर काही तक्रार नाही."

"हे सर्व्हिस सेंटरला सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

अण्णा बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. त्यामुळे घरात एक डायरी असते आणि तिच्यात सगळं असतं. दुधाचा हिशोब, पावसाचे दिवस आणि गाडीत टाकलेला पेट्रोलचा प्रत्येक थेंब. मी ती उघडली. गेल्या सात महिन्यांत गाडी अकरा वेळा अडली होती आणि अकराच्या अकरा वेळा त्याच दिवशी, त्याच ओळीत, टाकी फुल केल्याची नोंद! माझं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर भरतं. "कधी कधी होतं, कधी कधी नाही" असल्या बग रिपोर्टांवर मी वर्षानुवर्षं डोकं आपटत आलेय. इथं पायऱ्यांसकट, तारखांसकट, हमखास रिप्रोड्यूस होणारा बग समोर होता आणि तो लिहिणारा माणूस गाडी विकायला निघाला होता.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मागच्या वेळी पंपावर बंद पडली ना, तेव्हा मागच्या पोरांनी लई आरडाओरडा केला. 'आजोबा, जमत नाही तर चालवता कशाला' म्हणाले. मी आत डोळ्याला पट्टी लावून बसलेली." अण्णा उठून अंगणात गेले.

पेट्रोल भरल्यावर स्टार्ट न होणारी गाडी म्हटलं की जाणकाराच्या डोक्यात सगळ्यात आधी जे नाव यायला हवं, ते आहे पर्ज व्हॉल्व्ह. मला ते माहीत होतं असं नाही. रात्री बाराला गच्चीवर रेंज पकडून शोधलं, तेव्हा कळलं.

पेट्रोल हा फार उडाणटप्पू पदार्थ. गाडी उन्हात नुसती उभी असली तरी टाकीत त्याची वाफ होत राहते. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. उन्हात ही पेट्रोलची वाफ आणि इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांची गाठ पडली की ओझोन आणि धुरकं तयार होतं. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे कोडं आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं १९५० च्या सुमारास सोडवलं. म्हणून १९७० च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेत, गाडीनं आपली वाफ आपणच सांभाळायची, असा नियम झाला.

सांभाळायची कशात? तर कोळशाच्या डब्यात! गाडीत एक काळा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे भरलेले असतात. हा कोळसा इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग उलगडून मोजला तर हजार चौरस मीटरच्या घरात भरतो. आमच्याकडच्या भाषेत, चिमूटभर कोळशात दहा गुंठे! टाकीतली वाफ या दहा-दहा गुंठ्यांवर जाऊन चिकटून बसते.

पण डबा कधीतरी भरणारच. तो रिकामा करायचं काम पर्ज व्हॉल्व्हचं. कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपवर बसलेला हा अंगठ्याएवढा विजेवर चालणारा दरवाजा. एरवी बंद. इंजिन गरम झालं, गाडी निवांत धावायला लागली की गाडीचा कॉम्प्युटर त्याला सेकंदाला अनेकदा उघड-बंद करतो. इंजिन हवा ओढतच असतं. त्या ओढीनं डब्यातून ताजी हवा वाहते, चिकटलेली वाफ सुटून इंजिनात जाते आणि जळते. वाया काही नाही. बोनेटखालून कधी बारीक टिक-टिक ऐकू येते ना, ती बरेचदा याचीच. घाबरायचं कारण नाही.

गोम अशी, की हा दरवाजा उघडाच अडकला तर? गाडी बंद असतानाही कॅनिस्टर ते इंजिन हा रस्ता मोकळा. टाकी भरताना आत येणारं पेट्रोल टाकीतल्या वाफेला हुसकावतं. बरीचशी वाफ नळीच्या तोंडातून तुमच्या नाकाकडे येते, काही कॅनिस्टरकडे जाते. (अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून भरतानाची वाफसुद्धा कॅनिस्टरमध्येच धरायची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली.) डबा तुडुंब, दरवाजा सताड उघडा आणि अशात तुम्ही सेल्फ मारता. इंजिनाला हवेऐवजी वाफच जास्त मिळते, त्यात इंजेक्टर आपला नेहमीचा रतीब घालतात आणि गाडी 'ओव्हर' होते. पाच मिनिटांनी जास्तीची वाफ संपली की गाडी शहाणी. तीनशे-पाचशेचं टाकलं तर एवढी वाफ ढकललीच जात नाही. अण्णांचं निदान शब्दशः खरं होतं. पोट भरलं की झोपत होती.

आणि दरवाजा बंदच अडकला तर उलटं. गाडी सुरू व्हायला त्रास नाही, पण डबा कधी रिकामाच होत नाही, आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास दरवळत राहतो.

रविवारी सकाळी मी आणि अण्णा पंपावर. मुलानं नोझल लावलं, टाकी भरल्यावर ते 'टक्' करून आपोआप थांबलं आणि मग त्यानं तो सुप्रसिद्ध प्रश्न विचारला. "ताई, राउंड फिगर करू?"

माझ्या आधी अण्णाच म्हणाले, "कर. पार गळ्यापर्यंत." टाकी टू टाकी ॲव्हरेज काढायचं तर गळ्यापर्यंत भरायला हवी, हे त्यांचं गणित. गणित बरोबरच आहे हो. पण नोझल 'टक्' करतं ते उगीच नाही. त्यापुढे टाकीत राखलेली वाफेची जागा पेट्रोलनं भरायला लागते आणि वाफेच्या पाइपातून प्रत्यक्ष पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं. कोळसा वाफेसाठी आहे, आंघोळीसाठी नाही. वारंवार भिजला की तो निकामी होतो, डबा आतून फुटला तर दाणे सुटतात आणि ते पाइपातून निघून थेट पर्ज व्हॉल्व्हच्या जबड्यात जाऊन बसतात. राउंड फिगरच्या नादात आपण किती कॅनिस्टर बुडवले असतील, देव जाणे.

गाडी अर्थातच स्टार्ट झाली नाही. मला इतका आनंद झाला की पंपावरचा मुलगा चक्रावला. रात्री वाचलेली युक्ती केली. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि इंजिनात नुसती हवा जाऊन जास्तीची वाफ निघून जाते. दुसऱ्या खेपेला खोकत खोकत उठली. गाडी कधी ओव्हर झाली तर एवढं लक्षात ठेवा, मागचा हॉर्न वाजवणारा तुमच्यावर खूश होईल.

शेवगाव रोडला पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री आहेत. शेडमध्ये एक फॅन, एक मल्टिमीटर आणि भिंतीवर मोहटादेवीचं कॅलेंडर. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. दुपारी या म्हणाले. "इंजिन गार होऊ द्या, ताई. गरम गाडी खोटं बोलती."

दुपारी गार इंजिन सुरू केलं. मिस्त्रींनी व्हॉल्व्हला कॅनिस्टरकडून येणारा पाइप काढला आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवलं. "घ्या, तुम्हीबी बघा." मी बोट ठेवलं. सरळ ओढत होतं, स्ट्रॉनं ओढावं तसं! गार इंजिनावर व्हॉल्व्ह बंद हवा, ओढ लागताच कामा नये. आणि गंमत म्हणजे बोटानं तोंड बंद केलं की इंजिनाची थरथर कमी झाली.

"कॉम्प्युटरच उघडा ठेवत असेल तर?" मी माझी टेस्टरगिरी दाखवली. त्यांनी न बोलता व्हॉल्व्हचं वायरिंगचं सॉकेट उपसलं. आता वीजच नाही, म्हणजे हुकूमही नाही. तरी ओढ तशीच. म्हणजे दोष दाराचा, मालकाचा नाही. मग मल्टिमीटरनं कॉइल तपासली. २६ ओहम. धडधाकट.

ही धडधाकट कॉइलच सगळ्या घोळाची जड. आपल्याकडच्या बीएस-४ काळातल्या नियमानुसार गाडीच्या कॉम्प्युटरनं या व्हॉल्व्हचं निदान वायरिंग तुटलेलं नाही ना, एवढं बघावं अशी अपेक्षा होती. वायर तुटली तर पी-०४४४ सारखा कोड येतो, चेक लाइट लागतो. पण वीज नीट पोचतेय आणि आत कचरा अडकून दार उघडं राहिलंय, हे त्याला कळेलच असं नाही. अमेरिकेतल्या गाड्या वाफेची गळतीसुद्धा स्वतः तपासतात. त्यामुळे यूट्यूबवरचे अमेरिकन काका "टाकीचं झाकण घट्ट करा, लाइट जाईल" म्हणतात, ते आपल्या जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा लागूच पडत नाही. स्कॅनर क्लीन आला म्हणून सर्व्हिस सेंटरनं या व्हॉल्व्हचा विचारच केला नसावा. स्कॅनरला डायरी वाचता येत नाही ना!

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह काढून तळहातावर आपटला. काळे दाणे पडले, मोहरीएवढे. अण्णा चष्मा वर करून ते बराच वेळ बघत राहिले.

घरी हे करून बघायचं असेल तर बघा, अवघड नाही, पण मोकळ्या हवेत. आसपास सिगारेट, उदबत्ती काही नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बेल्टपासून लांब, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे विसरू नका. व्हॉल्व्ह हातात काढलात तर तोंडानं फुंकून बघू नका, पेट्रोलची वाफ पोटात जाते. आणि एवढं वाचूनही हात लावायची भीती वाटत असेल, तर नुसतं कधी अडते ते लिहून ठेवा आणि मिस्त्रीपुढे धरा. निम्मं काम तिथंच होतं.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजवाला येऊन म्हणाला, "कशाला नवीन टाकता? बूच मारून द्या पाइपला. फुकटात काम!" ही युक्ती आपल्याकडे सर्रास चालते आणि सांगायला लाज वाटते, पण मला मोह झाला. गाडी सुरू होईल, पीयूसीही मिळेल, कारण पीयूसीची नळी सायलेन्सरला लागते, टाकीच्या वाफेला कोण विचारतो? पण वाफ कुठं जाणार? डबा भरला की बाहेर, म्हणजे आमच्याच पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं आई दुपारी वाळवण आवरत बसते. नवीन मॉडेल मंजूर करताना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत अख्खी गाडी सीलबंद खोलीत ठेवून तापमान चढवतात आणि किती वाफ सुटली ते मोजतात. परवानगी एका चाचणीला २ ग्रॅमची. म्हणजे जेमतेम अर्धा चमचा पेट्रोल. गाडी एवढ्यात बसवायला कुणीतरी एवढी मेहनत घेणार आणि आम्ही बूच मारणार! मिस्त्रीच म्हणाले, "त्याचं ऐकू नका, ताई. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहे, ते मिसळलं की पेट्रोल जास्तच उडतं. त्यात आपलं ऊन." इथेनॉलचा विषय निघाल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे ऊस आपल्याच लोकांनी तोडलेला." आमच्या तालुक्यातून दर हंगामात हजारो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर दिसेनाशी व्हायची. ते तेवढंच बोलले.

नवा व्हॉल्व्ह नगरहून यायचा होता. मी सोमवारची सुट्टी टाकली. ("फॅमिली इमर्जन्सी" असं लिहिलं. खोटं नव्हतं.) पार्ट सकाळच्या एसटीनं आला. मिस्त्रींनी पाइप काढून हवा मारून दाणे झाडले, व्हॉल्व्ह बसवला, कॅनिस्टर काढून हलवून बघितला. आत पेट्रोल खळखळत नव्हतं, पण दाणे सुटलेत म्हणजे तो आज ना उद्या बदलावा लागणार, हे त्यांनी साफ सांगितलं. "महिन्यानं पाइप उघडून बघू. परत दाणे आले तर डबा टाकू. आत्ताच पैसे कशाला घालवता?" बिल दोन हजारांच्या आत. मी एस्टिमेटचा कागद आठवून मनातल्या मनात वजाबाकी केली.

गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा अण्णा म्हणाले, "गाडी दुरुस्त झाली." पलीकडून बहुतेक भाव वाढवून मिळाला असावा, कारण ते पुन्हा म्हणाले, "दुरुस्त झाली म्हणतोय ना." आणि फोन ठेवला.

मंगळवारी आईची तारीख होती. मी सुट्टी एक दिवस वाढवली, पण मागच्या सीटवर बसले. पंपावर त्याच मुलानं नोझल लावलं. टक्. मीटरवर ८३७ रुपये.

"सर, राउंड फिगर?"

"नको," अण्णा म्हणाले. "८३७ च राहू दे. सुटे आहेत माझ्याकडे."

पैसे मोजून दिले, चावी फिरवली. एका सेल्फमध्ये उठली. अण्णांनी आरशात माझ्याकडे बघितलं नाही, मागच्या रांगेकडे बघितलं. मग डायरी काढून मांडीवर ठेवली आणि लिहिलं, ते मी मागून वाचलं. 'सकाळी ७.०५. टाकी फुल. स्टार्ट.' आई म्हणाली, "अहो चला आता, डॉक्टर निघून जातील."